चांगलं लिहिलं की कोणी वाचत नाही, मग लिहायचं कशाला?

गेल्या दोनतीन वर्षांत माझ्याकडे समुपदेशनाला येणारी बरीच तरुण मुलं फिरून फिरून हेच विचारतात, मनापासून लिहिलेलं चाळीस लोक बघतात आणि सहज टाकलेलं हजारोंनी फिरतं, मग माझंच काही चुकतंय का? म्हणून मालवणकडच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय तिशीच्या आत, पतसंस्थेत नोकरी, लग्नाला वर्ष झालेलं. आला तो झोप लागत नाही म्हणून. फोन मांडीवर पालथा ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी अंगठा त्याच्या कडेवरून फिरायचा, स्क्रीन बघत नव्हता, फक्त थरथरला का ते चाचपत होता. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मॅडम, माका आता लिवकच नको असा वाटता."

त्याचे आजोबा रापणीवरचे. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल टाकत न्यायचं मोठं जाळं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसं ओढून आणतात. आजोबा गेल्यावर ह्याने तीन आठवडे म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यावर मोठा लेख लिहिला आणि ऑनलाइन टाकला. ४१ लाइक. आठवडाभराने गणपतीला येणाऱ्या मुंबईकर पाहुण्यांवर चार ओळी गंमत म्हणून लिहिल्या, त्याला अकरा हजार. मग त्याने तसंच लिहायला घेतलं, रोज एक, आणि एकही पहिल्यासारखं चालेना, बायको काही सांगायला लागली तरी नजर फोनवर, आणि एका रात्री दोन वाजता त्याने रापणीचा लेख काढूनच टाकला. हे सांगताना त्याचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं, कारण तो लेख आजोबांसाठी होता.

पहिलं काम झोपेचं केलं. त्याला म्हटलं, तू गरवायला बसलायस. गरी टाकून बसलेला माणूस का उठत नाही, तर मासा कधी लागेल ते माहीत नसतं. दर दहा मिनिटांनी नेमाने लागत असता तर तो मधे घरी जाऊन जेवून आला असता. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून हेच दाखवलंय, बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की ती सवय सगळ्यात चिवट होते. तेव्हा यात तुझं मन कमकुवत आहे असं अजिबात नाही. रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात ठेवायचा ठरलं. पहिले चार दिवस फार जड गेले, मग झोप लागायला लागली.

पण मूळ प्रश्न तसाच होता, लेख वाईट होता का? मी त्याला २००६ सालचा एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या संशोधकांनी चौदा हजारांवर लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. काहींना इतरांनी किती वेळा डाउनलोड केलीत ते दिसत होतं, काहींना नाही, आणि आकडा दिसणाऱ्यांचेही आठ वेगळे गट केले. तर गटागटात वेगवेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे आकड्याला दर्जातलं थोडंफार कळतं, पण त्यावरून एका लेखाचा निकाल लावता येत नाही.

त्यावर तो म्हणाला, केशवसुतांचंही हयातीत पुस्तक निघालं नव्हतं. शाळेच्या सहलीला मालगुंडचं स्मारक बघितलेलं त्याने. खरं आहे ते, १९०५ मध्ये ते गेले आणि कवितासंग्रह त्यानंतर आला. पण हा आधार मी त्याला घेऊ दिला नाही. "लोकांना कळत नाही" हे एकदा मनात बसलं की माणूस आपलं लिखाण परत तपासतच नाही, आणि मला ते लाइक मोजण्याइतकंच धोक्याचं वाटतं.

म्हणून लेखाची प्रिंट काढायला लावली आणि तीन माणसांना समोर बसून वाचून दाखवायला सांगितलं, एक बायको, एक जुने शिक्षक आणि एक आजोबांच्या बरोबरीचे रापणकर. मीही वाचला. लेख प्रामाणिक होता पण पहिले चार परिच्छेद भूगोल आणि इतिहास, रापण येते पाचव्यात! आणि गंमत म्हणून लिहिलेल्या त्या चार ओळींत त्याची बोली होती, माणसं बोलत होती. लोकांना ते आवडलं यात लोकांचं काही चुकलं नव्हतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

रापणकर आजोबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. ह्याने लिहिलं होतं की मासळीचे वाटे सगळ्यांना सारखे. त्यांनी हात वर करून थांबवलं, "सारखे नाय रे झिला, होडयेचो वाटो वेगळो, जाळ्याचो वेगळो." आणि मग तासभर बोलत राहिले. घरी येऊन ह्याने लेख पहिल्यापासून लिहिला, आता सुरुवातच ओल्या दोराने सोललेल्या तळहातापासून आहे. बायकोने दोनदा वाचला म्हणे.

परत टाकल्यावर ६३ लाइक आले. आकडा बघतोस का विचारलं तर म्हणाला, बघतो, सकाळी एकदा. मला ते पुरेसं वाटलं.

शेवटचा आला तो जूनमध्ये, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी १ तारखेपासून सुरू झालेली, होड्या वर ओढलेल्या. घाईत होता. जाळी दुरुस्त करायला बसलो की ये, असं त्या आजोबांनी सांगितलं होतं, आणि पाऊस जरा उघडला होता.