डीलरचा ट्रक आणि लाल ट्रॅक्टर: वाचकांच्या शंका

प्रश्न: अमेरिकेतल्या जुन्या ट्रॅक्टरांचे व्हिडिओ मी खूप बघतो. त्यात एक जुनाट ट्रक असतो, दारावर कुठल्यातरी डीलरचं नाव रंगवलेलं आणि पाठीवर लाल ट्रॅक्टर. हे ट्रक कंपनीचे असायचे का? आणि आमच्या आजोबांच्या बी-२७५ ट्रॅक्टरचा रंग पण तोच कसा काय? (बार्शी)

उत्तर: ट्रक डीलरचाच, कंपनीचा नाही. कंपनीचं काम बऱ्याचदा रेल्वेपर्यंत असायचं, म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे लाल फारमॉल ट्रॅक्टर इलिनॉयमधल्या रॉक आयलंडच्या कारखान्यातून आणि जॉन डिअरचे आयोवातल्या वॉटर्लूहून उघड्या वॅगनवर लादून गावाच्या स्टेशनात यायचे, तिथून पुढे डीलरने उतरवून घ्यायचं, तेलपाणी बघायचं, शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन सोडायचं आणि सौद्यात त्याचा जुना ट्रॅक्टर घेतला असेल तर त्याच ट्रकवर टाकून परत आणायचा. बिघडलेले ट्रॅक्टर वर्कशॉपला आणायचे तेही यावरच. आपल्याकडे शोरूममध्ये नारळ फोडून शेतकरी स्वतःच चालवत घरी नेतो, त्यामुळे हा प्रकार आपल्याला नवा वाटतो.

इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या डीलरची अजून एक मजा होती. ही कंपनी ट्रॅक्टर पण बनवायची आणि ट्रक पण, १९०७ पासून. मग दुकानात जो ट्रक विकायचा तोच स्वतः वापरायचा, फिरती जाहिरात फुकटात. १९६२ ला आलेला त्यांचा लोडस्टार ट्रक तर या कामासाठी गावोगाव दिसायचा. जॉन डिअरवाल्यांना मात्र ही सोय नाही, त्यांना फोर्ड, शेव्हरलेट काय मिळेल ते घ्यायला लागायचं. पुढे कंपनीचे तुकडे झाले, १९८५ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा केस या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला आणि उरलेल्या ट्रक कंपनीने दुसऱ्या वर्षी नॅव्हिस्टार नाव घेतलं. म्हणून लाल ट्रकवर लाल ट्रॅक्टर ही जोडी आता फक्त जुन्यातच बघायला मिळते.

आणि हो, तुमच्या आजोबांचा ट्रॅक्टर नात्यातलाच आहे! बी-२७५ हे इंटरनॅशनल हार्वेस्टरचं इंग्लंडमधलं मॉडेल, ते इकडे आणायला १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि हार्वेस्टरने मिळून मुंबईत कंपनी काढली होती.

प्रश्न: फारमॉलची पुढची दोन चाकं एकमेकांना चिकटून असतात. आम्ही ट्रॅक्टर टेम्पोत चढवतो तो दोन फळ्या लावून, मग हा कसा चढवायचे? (शिरूर)

उत्तर: चांगलं निरीक्षण आहे, सगळी गोम इथेच आहे. मका, सोयाबीनच्या ओळीत चालायला केलेला हा ट्रॅक्टर, मागची चाकं दोन ओळींच्या बाहेरून आणि पुढची जोडी मधल्या मोकळ्या पट्ट्यातून जाते. दोन फळ्या लावल्या तर मागची चाकं फळीवर आणि पुढची जोडी हवेत! म्हणजे तिसरी फळी मध्ये टाकायची, किंवा मातीचा उंच बांध करून ट्रक त्याला मागून लावायचा आणि सरळ आत चालवत न्यायचा. नंतर पूर्ण रुंदीचा कलणारा हौदा आला आणि हा त्रासच गेला. ट्रकच्या गिअरबॉक्सला पीटीओ (इंजिनची ताकद बाहेर काढून देणारी जोडणी), त्यावर हायड्रॉलिक पंप, त्याने हौदा मागे कलतो आणि शेपूट जमिनीला टेकतं. काहींचा हौदा आधी मागे सरकतो मग कलतो, त्यामुळे चढ बराच कमी होतो. पुढच्या टोकाला विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र असतंच, बंद पडलेला ट्रॅक्टर ओढायला.

चालू ट्रॅक्टरसुद्धा मी तर विंचनेच ओढा म्हणेन. चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सुटला तर मागची चाकं जमीन धरतात आणि पुढचं तोंड वर उचललं जातं, आणि या जुन्या ट्रॅक्टरांना डोक्यावर सुरक्षेची चौकट नाही, जॉन डिअरने ती बाजारात आणली १९६६ मध्ये. चालवतच न्यायचा असेल तर रिव्हर्समध्ये न्या, जड बाजू चढाकडे राहते.

वजनाचं पण सांगतो. साधा फारमॉल एम सव्वादोन टनांच्या आसपास, दोन एक्सलच्या ट्रकला काहीच नाही. पण मागच्या टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असतं, तिकडच्या थंडीत साधं पाणी गोठतं म्हणून, आणि त्याने एकेक टायर दोनशे-अडीचशे किलोने जड होतो, वर चाकाला लोखंडी वजनं लावलेली असली तर आणखी. बाहेरून बघून अंदाज बांधणारा इथेच फसतो. पुढे सत्तरच्या दशकात इंटरनॅशनलच्या १०६६ सारखे १०० हॉर्सपॉवरच्या वरचे, चार टनांच्या पुढचे ट्रॅक्टर आले तशी या ट्रकांची कामं मोठ्या ट्रेलरकडे गेली.

प्रश्न: मी आयोवात नोकरीला आहे. एक जुना लोडस्टार विकाऊ आहे, कलणारा हौदा आहे, इंजिन मस्त वाजतं. ट्रॅक्टर टाकून माउंट प्लेझंटच्या ओल्ड थ्रेशर्स या जुन्या यंत्रांच्या मेळ्याला न्यावा म्हणतो. घेऊ का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर: इंजिन वाजतंय यावर भुलू नका. ओढायला तो ट्रक आजही ओढेल, दोन-स्पीडचं डिफरन्शियल असेल तर गिअरच्या दांड्यावरच्या बटनाने खालची रेंज टाका आणि निवांत चढ चढा. प्रश्न थांबायचा आहे. बऱ्याच लोडस्टारना हायड्रॉलिक ब्रेक आणि पेडलला जोर देणारा व्हॅक्यूमचा बूस्टर आहे, आणि व्हॅक्यूम इंजिनमधून येतो, म्हणजे उतारावर इंजिन बंद पडलं की थोड्याच वेळात पेडल दगडासारखं होतं. म्हणून आधी ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर, बूस्टर सगळं उघडून बघा, त्यात पैसे घाला, रंगाचं नंतर. दुसरं म्हणजे रिम. तुकड्यांची, रिंग बसवलेली रिम असेल तर तिला घरी हात लावायचा नाही, हवा भरताना रिंग उडून माणसं मेलेली आहेत. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवणाऱ्या टायरवाल्याकडेच जा. हौद्याचं बिजागर आणि त्याखालची चासी गंजलीय का तेही बघा.

बांधण्याचा तिकडचा नियम असा, की साखळ्यांची मिळून क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी आणि १०,००० पौंडांच्या वरच्या यंत्राला कमीत कमी चार, चार कोपऱ्यांना. ग्रेड ७० ची ३/८ इंची साखळी ६,६०० पौंडांच्या क्षमतेची असते, तुमच्या छोट्या ट्रॅक्टरला पण चारच लावा, कशाला कंजुषी. मागे ड्रॉबारला (ट्रेलर जोडायच्या दांड्याला), पुढे मुख्य कास्टिंगला, स्टिअरिंगच्या दांडीला तर अजिबात नको. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून परत ताण बघायचा, हा पण नियमच आहे. उभ्या सायलेन्सरवर डबा उपडा घाला, टर्बोचा ट्रॅक्टर असेल तर विसरूच नका कारण वाऱ्याने टर्बो फिरत राहतो आणि बंद इंजिनात त्याला तेल मिळत नाही.

लायसन्सचं, ट्रकची ठरवून दिलेली एकूण क्षमता २६,००० पौंडांच्या वर असेल तर कमर्शियलचा प्रश्न येतो, हौशी लोकांना राज्याराज्यात सवलती वेगळ्या आहेत तेव्हा तिथल्या ऑफिसात विचारून घ्या. ब्रेक पास झाले तर घ्या, लांबच्या हायवेला नेऊ नका, आतल्या रस्त्याने जा.

प्रश्न: अशा ट्रकच्या दारावरचं पुसट झालेलं नाव परत रंगवून घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर: नको. ताजा लाल रंग कोणीही मारून देईल, पण त्या गावातल्या पेंटरने हाताने काढलेली अक्षरं एकदा घासली की गेली. साबणाच्या पाण्याने हलकं धुवा, वर मॅट क्लिअर कोट मारा, बाकी ट्रक हवा तेवढा चकाचक करा.