कोलेस्टॅसिसला ‘पित्त वाढलंय’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे की वहिनींना आठवा महिना चालू आहे, रिपोर्टवर ‘कोलेस्टॅसिस ऑफ प्रेग्नन्सी’ आलंय, आई सगळ्यांना ‘पित्त वाढलंय’ म्हणून सांगतायत आणि मावशी ‘गर्भारपणातली कावीळ’ म्हणतायत, तर बरोबर शब्द कुठला.

माझ्या मते दोन्ही नकोत.

पित्त हा शब्द आपण इतक्या ठिकाणी वापरतो ना की विचारू नका. जळजळ झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, डोकं दुखून आंबट उलटी झाली की पित्त पडलं, आणि कुणी चिडलं तरी पित्त खवळलं. यातलं एकही इथे लागू नाही. इथे विषय पित्तरसाचा आहे, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होऊन पित्ताशयात साठतो आणि तेलतूप पचवायला आतड्यात उतरतो तो. त्यात यासाठीच्या रक्ताच्या टेस्टचं नाव बाइल ॲसिड, म्हणजे पित्तरसातलं आम्ल, त्यामुळे ‘ॲसिड वाढलंय’ ऐकलं की समोरचा थेट ॲसिडिटीवरच जातो आणि थंड दूध प्या सांगतो!

दुसरा घोळ खाजेचा. यात खाज सुटते, बहुतेक वेळा तळहात-तळपायांना, रात्री जास्त, पण पुरळ नसतं, असलेच तर खाजवल्याचे ओरखडे. आता ‘पित्त’ आणि ‘खाज’ एकत्र आलं की घरोघरी आमसुलाचं पाणी लावतात, आणि रक्त तपासायचं राहून जातं.

मूळ शब्द ग्रीक आहे, खोले म्हणजे पित्तरस आणि स्टासिस म्हणजे थांबणं, हा स्टासिस आपल्या ‘स्था’चाच नातलग, स्थिर-स्थान वाला. म्हणून ‘पित्तरस साचणं’ मला सगळ्यात जवळचं वाटतं. ‘तुंबणं’ पण सुचलं होतं, पण तुंबण्यात बोळा अडकल्यासारखं वाटतं, ते पित्तखड्याला ठीक आहे. इथे नळी बंद झालेली नसते, प्रेग्नन्सीतल्या हार्मोन्समुळे, काहींच्या बाबतीत आनुवंशिक कारणानेही, लिव्हरमधून पित्तरस पुढे सरकणं मंदावतं आणि बाइल ॲसिड रक्तात उतरतं.

कावीळ का नको, तर यात डोळे पिवळे होतातच असं नाही, बहुतेकींचे होत नाहीत. शिवाय गरोदरपणातली कावीळ म्हटलं की आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ई आठवते, ती शेवटच्या महिन्यांत आईच्याच जिवावर उठू शकते, तो आजारच वेगळा.

इथे आईला त्रास खाजेचा, पण जास्त काळजी बाळाची. दिवस भरायच्या आधी डिलिव्हरी, बाळाने पोटातच शी करणं, जन्मल्यावर श्वासाला त्रास, आणि रक्तातलं बाइल ॲसिड लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेलं तर पोटातच बाळ दगावायचा धोका स्पष्ट वाढतो. म्हणून डॉक्टर परत परत रक्त तपासतात आणि आकडा तेवढा वर असेल तर साधारण 36व्या आठवड्यातच डिलिव्हरी करायचं ठरवतात. त्याखाली असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, हे आईंना जरूर सांगा.

घरात ‘पित्तरस साचलाय’ म्हणा, पण फाइलवर आणि दुसऱ्या डॉक्टरांशी बोलताना कोलेस्टॅसिसच म्हणा. डिलिव्हरीनंतर हे आपोआप ओसरतं, पण पुढच्या खेपेला परत व्हायची शक्यता बरीच असते, आणि तेव्हा ‘मागच्या वेळी पित्त झालं होतं’ एवढंच सांगितलं तर डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहून देतील.