मासे पकडायच्या गळाला लावायची बिनशिशाची वजनं वितळवून ओतकाम करायचंय? आधी हे वाच

हे बघ, पाकिटावर 'लेड फ्री' लिहिलंय म्हणजे आत कथीलच आहे असं समजू नकोस, ते बिस्मथ असू शकतं, जस्त, पितळ, स्टील किंवा टंगस्टनही असू शकतं. ब्रिटनमध्ये 1987 पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे, त्यामुळे तिथे असले पर्याय सगळीकडे मिळतात, पण प्रत्येकाचा धातू वेगळा.

आधी चुंबक लाव, चिकटलं तर स्टील, बाजूला ठेव. टंगस्टन तर 3400 अंशांच्या वर वितळतं, आपल्या कामाचं नाहीच. दोऱ्यावर चिमटून बसवायचे मऊ दाणे बहुतेक कथलाचे असतात, आपल्या कल्हईवाल्याचं तेच कथील, 232 अंशांना वितळतं आणि छोट्या मूर्ती, बटणं ओतायला मला तरी याच्याइतकं गोड काहीच वाटत नाही. बिस्मथ 271 ला वितळतं, पण ठिसूळ, हातोडी मारली की तुकडे, आणि गोठताना आकसत नाही तर फुगतं, म्हणून बारीक नक्षी छान उठते. दोन्ही मिसळलं तर साधारण 139 अंशांनाही वितळणारा मिश्रधातू होऊ शकतो.

जस्त चुकून भांड्यात पडू देऊ नकोस, ओघ बिघडतो. रंग आणि प्लास्टिकचं आवरण आधी काढ, नाहीतर विषारी धूर होतो.

आणि हात जोडून सांगतो, ओला तुकडा वितळलेल्या धातूत कधीच टाकू नकोस, पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू थेट तोंडावर उडतो. गॉगल, जाड हातमोजे, उघडी खिडकी हवीच. पूर्वी शिसं वितळवलेलं भांडं तर वापरूच नकोस.