इंग्लंडमध्ये चार-पाच गावांच्या चर्चसाठी मिळून एकच व्हिकर (चर्चचा पाळक) कसा निवडतात?

आपल्याकडे उत्तर भारतीय चर्चमध्ये (सीएनआय) डायोसीस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत, पाळकांच्या बदल्या करते. त्यामुळे इंग्लंडची पद्धत आधी गोंधळात टाकते. तिथे जागा रिकामी झाली की जाहिरात निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात. नाव सुचवण्याचा हक्क मात्र ‘पेट्रन’चा. हा पेट्रन बिशप असू शकतो, ऑक्सफर्ड-केंब्रिजचं एखादं कॉलेज असू शकतं, नाहीतर गावचं जुनं जमीनदार घराणंही. गावं एकत्र जोडलेली असतील तर पेट्रनही अनेक असतात. मग ते आळीपाळीने किंवा मिळून नाव सुचवतात.

पण गावकऱ्यांचा आवाज १९८६ च्या कायद्याने पक्का केलाय. प्रत्येक पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं) मंडळ आपला प्रतिनिधी देतं आणि साधारणपणे बिशप व या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय पेट्रन कुणाला जागा देऊ करू शकत नाही.

माझ्या मते खरं काम मुलाखतीच्या आधीचं: पॅरिशची माहितीपत्रिका. दर रविवारी किती ठिकाणी उपासना होणार, छपराच्या दुरुस्तीला पैसे आहेत का, राहायचं घर कोणत्या गावात, हे तिथे स्पष्ट लिहा. पाच गावांना पाच वेगवेगळ्या प्रकारचे व्हिकर हवे असतील तर ते आधी आपसात बोलून मिटवा. येणाऱ्या माणसावर ते ओझं टाकणं अन्यायाचं आहे.

मधल्या काळात, जो सहज काही महिने चालतो, कारभार चर्चवॉर्डन (चर्चची व्यवस्था पाहायला निवडलेले सभासद) सांभाळतात आणि निवृत्त पाळक उपासनेला मदत करतात. त्यांचे आभार मानायला विसरू नका, फार थकतात ती माणसं.