पहिलं अपग्रेड म्हणून कोल्ड एअर इनटेक घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1.5 लिटर पेट्रोल, टर्बो नाही, पॉवर 100 हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि मित्र म्हणतोय कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा इंजिनात आणणारा वेगळा पाईप आणि फिल्टर) टाकला की 15 हॉर्सपॉवर वाढते. नाही वाढत हो. आवाज मस्त येतो, आणि तोच हवा असेल तर खुशाल घ्या, पण पॉवरसाठी पैसे घालणार असाल तर आधी आपल्या गाडीवर मोजून बघा.

थंड हवा दाट असते आणि इंजिनात हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं, इथपर्यंत मित्राचं बरोबर आहे. 60 डिग्रीची हवा 35 वर आणली तर ती साधारण 8 टक्के दाट होते. पण बहुतेक गाड्यांचा कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) आधीच ग्रिलमागून नाहीतर फेंडरमधून बाहेरची हवा ओढतो, म्हणजे थंड हवेची सोय तुमच्या गाडीत बहुतेक आहेच, फक्त ती काळ्या प्लास्टिकची आहे आणि आवाज दाबायला तिच्यात रेझोनेटर घातलेला असतो.

मी माझ्या पहिल्या गाडीला एअरबॉक्स काढून आखूड पाईप आणि उघडा कोन फिल्टर लावला होता. आवाज ऐकून दोन दिवस नुसता गाडीच फिरवत होतो. मग लक्षात आलं की ट्रॅफिकमध्ये थांबून निघालो की पिकअप मेल्यासारखा वाटतोय, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावला तर इनटेक टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बाहेरच्यापेक्षा 25-30 डिग्री वर, कारण तो फिल्टर बॉनेटखालचीच गरम हवा ओढत होता. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की फरक बराच कमी व्हायचा, पण मी गाडी चालवायचो ती सिग्नलवर. शेवटी जुना एअरबॉक्स परत बसवला.

म्हणून सांगतो, साधा ओबीडी स्कॅनर घ्या आणि दोन आकडे बघा. पहिला इनटेक टेंपरेचर, गाडी चालती असताना. तो बाहेरच्या तापमानापेक्षा 5-10 डिग्रीच जास्त असेल तर नवीन पाईप तिथे काय थंड करणार? दुसरा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधलं प्रेशर. इंजिन बंद आणि इग्निशन ऑन असताना जे दिसतं ते बाहेरच्या हवेचं प्रेशर, समजा 100 किलोपास्कल. मग मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल, वरच्या आरपीएमला किती येतं ते बघा (आकडा शेजारच्याला बघू द्या, तुमची नजर रस्त्यावर). 97 आला तर फिल्टर, पाईप, थ्रॉटल बॉडी (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) सगळं मिळून अडवतंय फक्त 3 टक्के, आणि नुसता इनटेक बदलून ते सगळं काही परत मिळत नाही, मग 15 हॉर्सपॉवर कुठून येणार? 90 च्या खाली आला तर मात्र आधी फिल्टर चोक झालाय का बघा, पेपर फिल्टर बदलूनही बराच फरक पडतो. काही गाड्यांना मॅपऐवजी नुसता मास एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असतो, तिथे ही टेस्ट जमणार नाही, आणि टर्बोला हे गणित लागू नाही.

तरीही घ्यायचाच असेल तर मास एअर फ्लो सेन्सर बसतो तिथल्या पाईपचा व्यास कंपनीएवढाच आहे ना हे बघा, तो बदलला की सेन्सर हवा चुकीची मोजतो आणि चेक इंजिन लाईट लागू शकते. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल तर तेल बेताने, जास्त झालं की उडून सेन्सरच्या तारेवर बसतं आणि आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली व्हायला लागतो. आणि ज्याचा फिल्टर बंपरच्या खाली लोंबतो तो साचलेल्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीला अजिबात नको. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. ही भीती घालत नाहीये, हे खरंच होतं.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले पैसे चांगल्या टायरला घातले असते, मग ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड. वळणावर आणि ब्रेक मारताना जो फरक जाणवतो ना, तो रोजच्या चालवण्यात जाणवतो.

आणि इनटेक घेतलात तरी जुना एअरबॉक्स, क्लिपा, रबरी होज सगळं जपून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या, आणि विकायच्या वेळी घेणारा तोच एअरबॉक्स मागतो.