रजा मागायची कोणाला?

प्रश्न : ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय २८, पहिलटकरीण आहे आणि सध्या तिसरा महिना चालू आहे. दोन वर्षं झाली, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं, फाइलमागे पैसे. महिन्याचे २२ हजाराच्या आसपास होतात, त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, जाऊन येतात. कागदावर मी 'स्वतंत्र कंत्राटदार' आहे म्हणे, म्हणून पीएफ नाही, रजा नाही, काहीच नाही. डॉक्टरांनी मेच्या मधली तारीख दिलीये. कंपनीला आत्ताच सांगू की नंतर? सांगितलं आणि त्यांनी काम देणंच बंद केलं तर? सातव्यात माहेरी आर्वीकडे जायचंय, तिथं नेटवर्कची बोंब. घरी पाच एकर कपाशी-सोयाबीन आहे, यंदा त्यात काय उरलं ते विचारू नका. आणि सासूबाईंचं म्हणणं, दिवसभर खुर्चीवर तर बसून रायते, त्याले काय मेहनत लागते.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी अभिनंदन बाई. आता मुद्द्याचं. नोकरीवाल्या बाईला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली; २०१७ च्या दुरुस्तीने आलेली पहिल्या दोन बाळंतपणांची २६ आठवड्यांची पगारी रजा तिच्यातही मिळते, पण ती बाई कर्मचारी असेल तर. तू कागदावर कर्मचारी नाहीस, म्हणजे तुला रजा देणारा कोणी नाही, ती तुलाच पैसे बाजूला टाकून विकत घ्यायचीये आणि त्यासाठी तुझ्या हातात पाचेक महिने आहेत.

तरी कंत्राट एकदा नीट वाच. रोज ठरलेल्या वेळी लॉगिन करावं लागतं का, सुट्टीला परवानगी मागावी लागते का, दुसऱ्याचं काम घ्यायला बंदी आहे का? तसं असेल तर नाव कंत्राटदाराचं आणि वागणूक नोकराची असं झालं, आणि कोर्ट नुसतं नाव बघत नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांनाही सुप्रीम कोर्टाने २००० साली हा लाभ मिळवून दिला होता, त्या तर हजेरीपटावरच्या मजूर होत्या. तुझी केस तशीच निघेल असं मी म्हणत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे आपल्याकडे कितीतरी जणींना माहीतच नसतं.

आता पैसा, कारण खरी काळजी तीच आहे. सगळ्यात मोठी रक्कम तू विसरलीयेस, तो टीडीएस. महिन्याला २२००, वर्षाचे २६ हजारांच्या वर! तुझ्या कमाईवर टॅक्स बसतच नाही, म्हणजे हे तुझेच पैसे सरकारकडे पडून आहेत, फक्त रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. मागच्या आर्थिक वर्षाचं भरलं नसशील तर उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, दारव्ह्यात कोणीही टॅक्सवाला करून देईल, तू फक्त पॅन आणि बँकेचं पासबुक घेऊन जा. यंदाचं मार्चनंतर भरायचं, बाळंतपणाच्या गडबडीत राहून जाईल म्हणून नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव.

दुसरं प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या बाळाला ५००० रुपये. नोकरीत असाच लाभ मिळत असेल तर ही योजना मिळत नाही, पण तुला कुठूनच काही मिळत नाही म्हणून तू बसतेस, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचा दाखला तेवढा काढ. नोंदणी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईकडे. पाळी चुकण्याआधीच्या शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि एक तरी तपासणी झाली की ३००० येतात, उरलेले २००० बाळाची जन्मनोंद आणि पहिली लसमालिका झाल्यावर. खातं तुझ्याच नावाचं आणि आधार जोडलेलं पाहिजे. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असा घोळ असेल तर तो आधी निस्तर, पैसे अडकतात ते तिथंच.

आणि कोणी एजंट आत्ता बाळंतपणाचा विमा घ्या म्हणत आला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. त्या पॉलिसीला थांबण्याचा काळ असतो, तो बहुतेक वेळा वर्षांत मोजतात, या बाळाला उपयोग नाही. त्यापेक्षा सरकारी दवाखाना बघ, तिथं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, ने-आण सगळं फुकट आहे आणि त्याला दारिद्र्यरेषेची अट नाही.

कंपनीला कधी सांगायचं? माझं मत, पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांची, ती नीट आली की. कंत्राटात आधी कळवायची अट नसेल तर तोवर गप्प राहण्यात काही चूक नाही. सांगताना रजा मागू नकोस, तू कंत्राटदार आहेस ना, मग कंत्राटदारासारखंच सांग: 'मी १५ एप्रिलपासून १५ ऑगस्टपर्यंत काम घेणार नाही, हातातल्या सगळ्या फाइली १० एप्रिलपर्यंत देते, १६ ऑगस्टपासून पुन्हा उपलब्ध आहे.' मेलवर, फोनवर नाही. एप्रिलच्या मध्यापासून म्हणते कारण मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, लाइट जाते, आणि नवव्या महिन्यात त्या उकाड्यात कानाला हेडफोन लावून बसायची अक्कल कोणी शिकवू नये. ते काम बंद करतील का? करू शकतात, खोटं कशाला सांगू, नोटीस किती दिवसांची लिहिलीये ते बघून ठेव आणि आत्तापासून एखादं दुसरं गिऱ्हाईक शोध. बिलं थकतात त्यावर एक उपाय आहे, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि फुकट होते. ती असली की सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. शेवटच्या बिलावर तो नंबर छाप.

तब्येतीचं. आपल्या विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे, म्हणून ती तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात कर, आणि तू वाहक निघालीस, म्हणजे स्वतःला आजार नाही पण बाळाकडे जाऊ शकतो, तर नवऱ्याचीही लगेच. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजार असायची शक्यता २५ टक्के असते, आणि पुढच्या तपासण्या वेळेत व्हायला हव्यात म्हणून हे लांबवू नकोस. चौथ्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट असते, त्या दिवशी फाइल घ्यायचीच नाही. लोहाची गोळी चहासोबत नको आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. तासाभराने खुर्चीतून उठायचं, अंगणात दोन चकरा मारायच्या, तसंच बसून राहिलं की पाय सुजतात आणि रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो. पण डोकं जोरात दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही झालं तर डेडलाइन गेली खड्ड्यात, १०८ लाव.

माहेरी जा, खुशाल जा, ओटीभरणाचं कौतुक पण करून घे. फक्त आधी भावाला सांगून कोणत्या कंपनीचं नेट चालतं ते बघून घे, आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ने, ते तिकडेही चालतं, तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात दाखव. काही अवघड निघालं तर आर्वीहून सेवाग्राम-सावंगीचे मोठे दवाखाने गाठता येतात, गाडी कोणाची हे आधी ठरलेलं असू दे.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. एक दिवस हेडफोन त्यांच्या कानाला लाव आणि म्हण, आई, हा काय बोलला ते सांगा बरं. आवाज तुटका असलेली फाइल निवड!

कंपनीचं उत्तर आलं की कळव. नोटिशीचं कलम समजलं नाही तर कंत्राटाच्या त्या पानाचा फोटो पाठव, नावं झाकून.