अर्ध्या जनावराचा हिशेब आणि दहा वासरं

टेक्ससमधल्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

«आम्ही मूळचे वसईचे, अकरा वर्षं डॅलसजवळ आहोत. घरात चौघं, आठवड्याला चारेक पाउंड बीफ लागतं. तासाभरावरचा एक रँचर (गुरं पाळणारा) अर्धं जनावर पाउंडाला ४.५० डॉलरने देतो. दुकानात सरासरी ९ पडतात. म्हणजे ३६० पाउंडांमागे १,६०० वाचले, वर्षातून दोनदा घेतलं तर ३,२००. फ्रीझर केवढा घ्यावा? वाचलेले पैसे त्याच्याच वासरांच्या योजनेत टाकायचे आहेत. वासरू २,००० डॉलरचं, चारापाणी तो बघतो, वर्षाने १५ टक्के वर देऊन परत घेतो. दोन वासरं घेतली होती, ६०० चा चेक वेळेवर आला, मुद्दल पुन्हा तिथेच ठेवलं. आता घर तारण ठेवून मिळणाऱ्या क्रेडिट लाइनमधून ८.५ टक्क्यांनी आणखी दहा घ्यावीत असं वाटतं. मेव्हण्यालाही चार घेऊन दिली, त्याचे मला ४०० डॉलर मिळाले. ४०१-के या निवृत्तीच्या खात्यात सध्या पगाराच्या २ टक्केच टाकतो (पगार ९५,०००, कंपनी ५ टक्क्यांपर्यंत तेवढेच टाकते), कारण ते पैसे साठीपर्यंत अडकतात.»

विचारलंय फ्रीझरबद्दल, म्हणून आधी फ्रीझर. मी स्वतः वरणभातवाला आहे, पण पाउंडाला काय पडलं एवढं कळायला ते खावं लागत नाही.

४.५० हा भाव हँगिंग वेटचा आहे. बाराशे पाउंडाचं जनावर कापलं, डोकं-कातडं-खूर-आतडी गेली की हुकाला सातशे-सव्वासातशे पाउंड लटकतं. त्यातलं अर्धं म्हणजे तुमचे ३६०. ते शीतगृहात दहा-चौदा दिवस मुरतं, पाणी उडतं, मग हाडं आणि चरबी जाते. पाकिटं घरी येतात ती सव्वादोनशे पाउंडांच्या आसपास. रँचरला १,६२० दिले की कापण्या-बांधण्याचे कसाई वेगळे घेतो. तो आकडा तुम्ही लिहिलेलाच नाही. पाउंडाला सव्वा डॉलर धरू, म्हणजे ४५०. एकूण २,०७०, भागिले २२५. पाउंडाला ९.२० पडले. तुमचं दुकान ९ ला देतं.

आणि तो ९ तरी तुमचा आहे का? त्या सव्वादोनशेत चाळीस टक्के खिमा निघतो, वीसेक टक्के स्टेक, बाकी रोस्ट, स्ट्यूचे तुकडे, फासळ्या. आठवड्याला चार पाउंडांत तुमच्याकडे बॉटल मसाल्यातलं बीफ आणि कटलेट होत असणार, रिबआय नव्हे. खिमा २०२५ च्या उन्हाळ्यात सरासरी सहा डॉलरच्या वर गेला, चकचा (खांद्याचा) तुकडा आणखी दोन-तीन डॉलर वर धरा. म्हणजे तुमच्या स्वयंपाकाचा खरा भाव सात-साडेसात. अर्धं जनावर घेतलं तर जे स्टेक तुम्ही एरवी घेतच नाही त्यांचेही पैसे मोजाल, आणि वर म्हणाल की बचत झाली. शिवाय तुम्हाला वर्षाला लागतं दोनशे पाउंड. दोन अर्धी आणून साडेचारशे होतात. उरलेलं काय करणार? खिम्याची चव तीन-चार महिन्यांनंतर उतरायला लागते, शून्य फॅरनहाइटला खराब होत नाही तरी. चर्चच्या पॅरिशमधल्या चौघांना विकेन म्हणाल, तर पाकिटावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असला की ते चालत नाही. कापण्याआधी तुम्ही त्या जनावराचे भागीदार झालेले असता, त्यावर सरकारी तपासनीस उभा नसतो, म्हणून ते फक्त तुमच्या घरच्यांनी आणि पाहुण्यांनी खायचं.

याचा अर्थ घेऊ नका असा नाही. दुकानातल्या ग्रास-फेडच्या भावाशी तुलना केली तर हे स्वस्तच आहे, आणि जनावर कुठे चरलं हे डोळ्यांनी बघता येतं. ती हौस आहे, चांगली हौस आहे, तिला हौस म्हणा. पाव जनावर घ्या, शंभर-सव्वाशे पाउंड. एका घनफुटात पस्तीस-चाळीस पाउंड मावतं, म्हणजे पाच घनफुटांचा चेस्ट फ्रीझर पुरतो. तो दोन-अडीचशे डॉलरला मिळतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससची वीज गेली तेव्हा तुम्ही तिथेच होता, त्यामुळे भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस थंड राहतो हे तुम्हाला सांगायला नको.

झालं बीफ. वर्षाचे ३,२०० वाचणार नाहीत, उलट थोडे जास्तच जातील. आणि नेमके तेच ३,२०० वासरांत जाणार होते.

आता मला त्या ४०० डॉलरबद्दल बोलायचंय, ज्यांचा उल्लेख तुम्ही सहज केलात.

डिसेंबर २०२३ मध्ये तुमच्याच टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या अ‍ॅग्रीडाइम या कंपनीवर अमेरिकेच्या एसईसीने (गुंतवणूक बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) कोर्टात तातडीने बंदी आणली. कंपनी वासरं विकायची, सांभाळायची, वर्षाने परत घ्यायची, आणि बीफही थेट ग्राहकाला विकायची. एसईसीचा आरोप असा की किमान १९.१ कोटी डॉलर गोळा झाले आणि त्यातले बरेच जुन्या गुंतवणूकदारांना परतावा म्हणून वाटण्यात गेले, एक कोटीहून जास्त कमिशनात. गुंतवणूकदार दोन हजारांहून जास्त. त्यांचेही पहिले चेक वेळेवरच आले होते.

तुमचा रँचर तसाच आहे असं मी म्हणत नाही, तो मला माहीतही नाही. पण एक प्रश्न त्याला मेजावर बसून विचारा. वासरावर वर्षाला हमखास १५ टक्के द्यायला परवडत असतील, तर बँकेकडून किंवा फार्म क्रेडिटकडून आठ-नऊ टक्क्यांनी कर्ज का नाही घेत? जनावरं तारण ठेवून रँचर पिढ्यान् पिढ्या कर्ज घेत आलेत, फार्म क्रेडिट ही व्यवस्था तर १९१६ पासून शेतकऱ्यांना कर्ज देण्यासाठीच आहे. जो बँकेला टाळून तुमच्या-माझ्याकडे जवळपास दुप्पट व्याजाने येतो, त्याला बँकेने काय विचारलं असतं याचा विचार करा. दुसरं, आईपासून तोडलेलं वासरू कापायच्या वजनाला यायला दाण्यावर दहा-बारा महिने लागतात, नुसत्या गवतावर त्याहून बरेच जास्त. मधे दुष्काळ पडतो, मका महागतो, शंभरात एक-दोन मरतात, बाजार खाली येतो. यातलं काहीही झालं तरी तुमचे १५ टक्के तेवढेच? मग ती शेती नाही. वासराचं चित्र लावलेली ठेव आहे, आणि तीही विम्याशिवायची.

घरच्यांना विचारा, सांगलीकडचं २०१९ चं कडकनाथचं प्रकरण त्यांनी वाचलं असेल. कोंबड्या घ्या, अंडी आम्ही विकत घेतो. त्याआधी नव्वदच्या दशकात सागाची झाडं होती. पक्षी बदलतो, झाड बदलतं, 'परत आम्हीच घेतो' हे वाक्य बदलत नाही.

आणि ते तरी जाऊ दे, तुमच्याच बाजूने हिशेब करू. २०,००० उचलले, १,७०० व्याज गेलं. रँचरने ३,००० दिले. त्यावर २२ टक्के केंद्राचा कर धरला, ६६० गेले. हातात ६४०, व्याजाची वजावट मिळाली तर हजाराच्या आसपास. सगळं मनासारखं झालं तर! नाही झालं तर २०,००० गेले आणि हप्ता घरावर. हजार मिळवायला वीस हजार आणि घर पणाला, हा जुगार कुणी तुमच्यासमोर पत्त्यांत मांडला असता तर तुम्ही हसून उठला असता.

पण ४०० डॉलर याहून वाईट आहेत. दुसऱ्याच्या कष्टावर परतावा मिळणारी योजना ही कायद्याने बहुतेक वेळा सिक्युरिटी, म्हणजे सरकारकडे नोंदवावी लागणारी गुंतवणूक, ठरते, आणि ती नोंदणी नसताना विकून कमिशन घेणं हा तुमच्या अंगावर येणारा प्रकार आहे. उद्या योजना बुडाली आणि कोर्टाने रिसीव्हर (योजनेचा ताबा घेऊन पैसे वसूल करणारा माणूस) नेमला, तर तो कमिशन परत मागतो, मुद्दलाहून जास्त मिळालेलं व्याजही परत मागू शकतो. ते ६०० आणि ४०० कराच्या रिटर्नमध्ये दाखवलेत का, हेही बघा. आणि मेव्हणा! त्याचे आठ हजार रँचरवर विश्वास ठेवून गेलेले नाहीत, तुमच्यावर विश्वास ठेवून गेलेत. ख्रिसमसला समोर बसून कुस्वार (नाताळचा फराळ) वाटताना हे आठवेल.

या आठवड्यात एवढं करा. क्रेडिट लाइन उचलू नका. टेक्सस स्टेट सिक्युरिटीज बोर्डाला फोन करून ही योजना नोंदलेली आहे का विचारा, त्याला पैसे पडत नाहीत. रँचरला ईमेल टाका, तोंडी नको, की मुदत संपली की मुद्दल परत हवंय, पुढे फिरवायचं नाही. सोबत तुमच्या दोन वासरांचे कानातले बिल्ले क्रमांक आणि खरेदीची पावती मागा. गुरं त्याच्याकडे असतील तर हे त्याला दोन मिनिटांचं काम आहे. मेव्हण्याला हाच ईमेल लिहायला सांगा, आणि तुमचे ४०० त्यालाच देऊन टाका. कागदपत्रं एकदा वकिलाला दाखवा, तासाची फी गेली तरी चालेल.

राहिलं ४०१-के. ३ टक्के तुम्ही टाकत नाही, म्हणून कंपनीचे २,८५० डॉलर दरवर्षी सोडताय. ते आणायला तुम्हाला हातात येणाऱ्या पगारातले महिन्याला १८५ च्या आसपास कमी पडतील, कारण तुमचा वाटा करापूर्वीचा आहे. त्या क्रेडिट लाइनचं नुसतं व्याजच महिन्याला १४० भरायला तुम्ही तयार होता. साठीपर्यंत पैसे अडकतात ही तक्रार वासरांत घराचे पैसे अडकवायला निघालेल्या माणसाने करू नये. कंपनीच्या पोर्टलवर जाऊन २ चे ५ करा, आजच.

आणि पाव जनावर घ्याल तेव्हा कट शीट (कोणते तुकडे कसे कापायचे तो कागद) भरायच्या आधी कसायाला फोन करा. जनावराला जीभ एकच, शेपटीही एकच, चार भागीदारांत ती कुणाला जाणार हे कागदावर लिहिलेलं नसतं. बाकीच्या तिघांना बहुतेक वेळा ती नकोच असते. वसईच्या घरात नाताळच्या रोस्टसाठी जीभ हवी असते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.